पुढची सीट

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या जवळा बाजार गावात कुणालाही विचारा. बसस्टँडच्या रस्त्याला माझं साड्यांचं दुकान आहे. बायका म्हणतात, हा माणूस आधी गोष्ट उलगडतो, मग साडी. कुणाच्या लग्नात वरमाई कशी रुसली, कुणाचा बैल पोळ्याला सरपंचाच्या ओट्यावर कसा चढला — सगळं माझ्याकडे हातवाऱ्यांसकट मिळतं, आणि त्यापायी साडीचा भाव वाढत नाही. अशा माणसानं एक गोष्ट सहा वर्षं पोटात ठेवली म्हटलं, तर लोक तेही माझं नवं नाटक समजून हसतील. हसू द्या. पण ठेवली आहे. बायकोला नाही सांगितली. समोरच्या रशीदभाईला नाही सांगितली, ज्याला मी माझी बीपीची गोळीसुद्धा विचारून घेतो. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काय? तुम्ही माझ्या दुकानात कधी येणार नाही, एवढंच असेल.

पण आधी ती गोष्ट ऐका, जी मी सगळ्यांना सांगतो. ती ऐकल्याशिवाय मी काय लपवलं ते कळायचं नाही. आणि खरं सांगू? ती सांगायला मला अजून मजा येते. हाही त्यातलाच भाग आहे.

बाजाराच्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की रशीदभाई आपलं शिलाई मशीन दुरुस्तीचं सामान झाकून गादीच्या कडेला येऊन टेकतो आणि ओरडतो, "चला शेठ, इमान उडवा!" चार बायका, दोन म्हातारे आधीच बसलेले असतात. मग मी उठतो. स्टूल ओढतो, त्यावर दोन तक्के लावतो — ही खुर्ची. जांभळी सिल्कची साडी अंगावर घेतो — ही गोधडी. आणि सुरू करतो.

अहो, विमानात पुढच्या भागात एक वेगळा महाल असतो. बिझनेस क्लास म्हणतात. एका माणसाला एवढी जागा, की आपल्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये तेवढ्यात आठ माणसं, एक बकरी आणि हळदीचं पोतं बसेल. बटण दाबलं की पाय वर. दुसरं दाबलं की पाठ खाली. तिसरं दाबलं की माणूस सपाट — तिरडीवर ठेवल्यासारखा, पण खुशीत! (इथे बायका पदर तोंडाला लावतात.) एक पोरगी येते, चिमट्यात धरून गरम ओला रुमाल देते. बाकीचे लोक तोंड पुसू लागले. मी आधी अंगठ्यानं चोळून पाहिला. सूत चांगलं होतं, खळ अजिबात नव्हती. मग गोधडी चोळून पाहिली. मग उशीचा अभ्रा. ती पोरगी बघत राहिली. मी म्हणालो, बेटी, माल अच्छा है. ती माझ्या आडनावाला मिस्टर लावून म्हणाली, थँक्यू. माझ्या आडनावाला मिस्टर! माझे वडील ऐकते तर कुणाला बोलवून राहिली म्हणून मागं वळून बघते.

आणि डोक्याशी एक घंटी. दाबली की वर दिवा लागतो आणि आवाज होतो — टिंग. टिंग म्हटलं की माणूस हजर. टिंग, चहा. टिंग, काजू. टिंग, आणखी एक उशी. एकदा ती आली तर मला काही सुचेचना. म्हणालो, कुछ नहीं बेटी, बराबर चलती है क्या देख रहा था.

हे टिंग मी जिभेनं असं काही करतो की लोक परत परत मागतात. जेवणाचा प्रसंग तर विचारूच नका. पांढऱ्या कापडावर चिनी मातीच्या ताटल्या, त्यात उकडलेलं, अळणी काहीतरी. मी पिशवीतून जवसाच्या चटणीची पुडी काढली, सोडली, आणि वास जो उठला, तो पार पायलटापर्यंत. पलीकडचा गोरा माणूस बोट दाखवून विचारतो, हे काय? मी त्याच्या ताटलीत चिमूटभर घातली. त्यानं खाल्ली, डोळे पुसले, आणि परत मागितली!

इथे टाळ्या पडतात. मग कुणीतरी नवं माणूस विचारतं, "पण शेठ, तुमाले त्या महालात बसवलं कसं? तिकीट तर लई महाग असंल." आणि मी हात जोडून, अगदी साध्या आवाजात सांगतो — आमचं पहिलं विमान बिघडलं. कंपनीवाले म्हणाले, तकलीफ माफ करा, दुसऱ्या विमानात तुम्हाला मोठ्या खुर्चीत बसवतो. एवढ्यावर म्हातारे माना हलवतात. कारण पुढचं गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या बिघाडापायी मला सात तास उशीर झाला आणि मी उतरलो तेव्हा माझा दादा गेला होता. कुणीतरी सुस्कारा सोडतं. रशीदभाई माझ्या खांद्यावर हात ठेवतो. मी साडीची घडी घालू लागतो.

विमान बिघडलं नव्हतं.

बघा, लिहून झालं. पण अजून तुम्हाला अर्धंच कळलंय. उरलेलं सांगायचं तर दादा कोण ते सांगावं लागेल.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. एसटीत कंडक्टर होता. जन्मभर त्यानं लोकांना जागा करून दिली आणि स्वतः दाराशी उभा राहिला. माणूस अबोल. घरात तो एकटा ऐकणारा, मी एकटा बोलणारा. रात्री डबा घेऊन घरी आला की पायतण काढता काढता म्हणायचा, "बोल." एवढंच. काय बोल, कशावर बोल — काही नाही. आणि मी सुरू व्हायचो. माझ्या गोष्टींना पहिलं गिऱ्हाईक तोच. तो मोठ्यानं हसायचा नाही, नुसते खांदे हलायचे. ते खांदे हलवण्यासाठी मी दिवसभर गावभर हिंडून माल गोळा करायचो.

त्या वेळच्या गाड्यांना छताखालून दोरी गेलेली असायची. ती कंडक्टरनं ओढली की ड्रायव्हरजवळ घंटी वाजायची. एक टोला म्हणजे थांब. दोन टोले म्हणजे चल. सगळा कारभार त्या दोरीवर. दादाचा हात वर जायचा, मूठ वळायची, आणि मनगटाचा एकच छोटा झटका. मला ते फार रुबाबदार वाटायचं.

माझी बारावीची परीक्षा वसमतला होती. पेपरच्या दिवशी सकाळी मी — आता हसू नका — फाट्यावरच्या न्हाव्याकडे भांग पाडून घेत बसलो होतो आणि त्याला काहीतरी सांगत होतो. गाडी आली. गाडी दादाची. मी नाही. गाडीत माणसं कोंबलेली, हट्टा गावच्या लग्नाचं वऱ्हाड होतं. दादानं गाडी थांबवून धरली. ड्रायव्हर क्लच सोडायचा, दादा एक टोला द्यायचा. परत गाडी हलायची, परत एक टोला. वऱ्हाड कावलं. "ओ मास्तर, मुहूर्त चुकंल आमचा! कोनासाठी थांबून राहिले?" दादा म्हणाला, "एक मानूस येऊन राहिला." मी धोतर सावरत पळावं तसा पँट सावरत पळत आलो, अर्धा भांग पाडलेला. अख्ख्या गाडीनं मला शिव्या घातल्या. दादानं हात दिला, मला आत ओढलं, आणि मग दोन टोले दिले.

मी पास झालो. त्याचं श्रेय मी न्हाव्याला देतो, गोष्ट सांगताना.

माझी दुसरी एक सवय सांगायला हवी. इथून परभणीला, औंढ्याला काळ्या-पिवळ्या जीपा जातात. भरल्याशिवाय सुटत नाहीत. मागं बसलं तर गुडघे छातीला लागतात. पुढं ड्रायव्हरच्या शेजारी, खिडकीपाशी बसलं तर वारा आणि मान दोन्ही मिळतं. ती जागा गेलेली असली की मी जीप सोडून देतो. जाऊ द्या ही, मागून दुसरी येऊन राहिली, तिच्यात पुढं बसू. मी एकटाच नाही, आमच्याकडे निम्मे लोक असंच करतात. पण मी त्यात नाव कमावलं. एकदा मावशीच्या तेरवीला निघालो आणि तीन जीपा सोडल्या. पोचलो तेव्हा पंगत उठून भांडी घासायला बसली होती. दादानं हात धुता धुता माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुला पोचायचं नसतंच. तुला बसायचं असतं."

मी त्या वाक्याचीसुद्धा गोष्ट करून टाकली. दहा वर्षं सांगत होतो, दादाच्या आवाजात.

निवृत्त झाल्यावर दादा आणि वहिनी अमेरिकेला गेले, संदीपकडे. संदीप त्यांचा एकुलता एक. त्यानं मला आणि बायकोलाही बोलवलं होतं. व्हिसासुद्धा करून घेतला होता. पण लग्नसराईत दुकान कोण सोडतो? पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहिलो. मग दादाचं फुप्फुसाचं दुखणं निघालं. दोनदा वाटलं संपलं, दोनदा सावरला. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी घरी पाठवून दिलं, म्हणाले, आता त्यांना हवं ते करा. संदीपनं विचारलं, बाबा काय हवं? दादा म्हणाला, त्याला बोलवा.

फोनवर माझ्याशी बोलला. श्वास लागत होता. म्हणाला, "इथं समदे लई हळू बोलून राहिलेत रे. ये. काही तरी बोल." मी विचारलं, काय आणू? "धपाटे आन. जवसाची चटणी. आन् तोंड आन तुझं." बायकोनं दुसऱ्या दिवशी पहाटे धपाटे थापले, चटणीच्या दोन पुड्या बांधल्या. संदीपनं तिकीट पाठवलं होतं. साधं तिकीट, शेपटीकडचं, दोन माणसांच्या मधलं. मी निघालो. नांदेड, हैदराबाद, तिथून विमान. जन्मातला पहिला विमानप्रवास. आखातातल्या एका मोठ्या विमानतळावर उतरून दुसरं विमान धरायचं होतं. ते धरलं की त्याच दुपारी, तिकडच्या घड्याळात दोनला, मी अमेरिकेत. चारच्या आत दादापाशी.

तुम्हाला वाटतंय ना, हा रेंगाळतोय? हो. रेंगाळतोय.

सकाळची वेळ होती. दारापाशी माणसंच माणसं. गणवेशातली एक बाई लोकांशी बोलत येत होती. मला पाहून हिंदीत बोलू लागली. जागेपेक्षा माणसं जास्त झालीत, म्हणाली. दोघातिघांनी ही गाडी सोडली — ती गाडी म्हणाली नाही, मला तसं ऐकू आलं — तर सात तासांनी दुसरं विमान आहे, त्यात त्यांना बिझनेस क्लासमध्ये बसवू. मधल्या वेळात जेवण, आराम, सगळं. कुणावर जबरदस्ती नाही.

तुम्हाला खरं सांगतो, माझ्या पायांनी आधी ऐकलं. आदल्या विमानात चार तास मधल्या सीटवर गुडघे आवळून बसलो होतो. आणि येताना वाटेत तो पुढचा महाल पाहिला होता — पडदा अर्धा उघडा होता, एक माणूस पाय पसरून वर्तमानपत्र वाचत होता. माझ्या मनात एवढंच आलं : मागून दुसरी येऊन राहिली, तिच्यात पुढं बसू.

ती बाई चांगली होती. हे मुद्दाम लिहितो. तिनं मला फसवलं नाही, घाई केली नाही. माझ्या हातातली पिशवी पाहिली, माझं वय पाहिलं, आणि विचारलं, "अंकल, आज ही पहुँचना ज़रूरी तो नहीं? कोई बीमार, कोई शादी-वादी?"

तिनं विचारलं. नीट, डोळ्यात बघून विचारलं. मी हो म्हटलं असतं तर ती पुढच्या माणसाकडे गेली असती.

मी हसलो. माझं दुकानातलं हसू. म्हणालो, "नहीं जी. घूमने जा रहा हूँ।"

हे आहे ते. सहा वर्षं जे गिळून बसलोय, ते एवढंच आहे. चार शब्द. दादा मरणाच्या दारात माझी वाट बघतोय हे मला माहीत होतं, कुणी माझ्यापासून लपवलं नव्हतं, आणि मी म्हणालो, फिरायला चाललोय.

नंतर मी स्वतःला काय काय नाही सांगितलं! दादा दोनदा सावरला होता, तिसऱ्यांदाही सावरेल असं वाटलं — वाटलं होतं का? कोण जाणे. की मी घाबरलो होतो, त्याला तसा बघायला, आणि सात तास लांबले तर बरं वाटलं? तेही असेल थोडं. आणि सगळ्यात लाडकं कारण हे : दादाला सांगायला केवढी गोष्ट मिळेल! "बोल" म्हणेल, आणि मी त्या महालाची गोष्ट सांगेन, आणि त्याचे खांदे हलतील. हे कारण मी कित्येक रात्री उशाशी घेऊन झोपलो. सुंदर कारण आहे. जवळजवळ प्रेमच आहे ते.

पण ते मला नंतर सुचलं. त्या दारापाशी दादा माझ्या मनात नव्हताच. त्या दारापाशी एक खुर्ची होती.

मग मी संदीपला मेसेज केला : विमानात बिघाड झाला, सात तासांनी दुसऱ्यात बसवून राहिलेत. लगेच उत्तर आलं. "ठीक आहे काका. बाबांना सांगतो. कालपासून कुठवर आला, कुठवर आला विचारून राहिलेत." हा मेसेज मी वाचला तेव्हा माझ्या हातात ताटली होती. मोठ्या खुर्चीवाल्यांसाठी वेगळा दिवाणखाना असतो, तिथं बसलो होतो. ताटलीत खजूर होते. समोर अख्खी भिंत काचेची. काचेपलीकडे माझं विमान — ते बिघडलेलं — अजून उभं होतं. दार बंद व्हायला वेळ होता. वीस मिनिटं तरी. त्या बाईकडे पळत जाता आलं असतं. मला पळता येतं, पँट सावरत का होईना. मी खजूर खाल्ला. मग ते विमान हळूहळू मागं सरकलं, वळलं, आणि काही न बिघडता उडालं.

पुढचा प्रवास तुम्ही ऐकलाय. त्यात एकही शब्द खोटा नाही. रुमाल, गोधडी, मिस्टर, टिंग, सगळं तसंच. मी जन्मात इतका खूश नव्हतो. तीही कबुली घ्या — मला तिथं एकदाही टोचलं नाही. चटणीची पुडी दादाची होती. दोनातली एक मी फोडली, आणि त्या गोऱ्याला चाखवली, आणि उरलेली स्वतः संपवली.

समोरच्या पडद्यावर छोटंसं विमान सरकत होतं आणि खाली लिहून येत होतं, उतरायला किती वेळ उरला. तीन तास उरले होते, तेव्हा माझी झोप झाली होती. ताजातवाना उठलो. घंटी दाबली. चहा आला. घोट घेतला, साखर कमी वाटली, परत दाबली.

तिकडच्या घड्याळात तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. संदीपनं मला नंतर दादा गेल्याची वेळ सांगितली, म्हणून मला हा हिशेब लावता आला. सांगितली नसती तर बरं झालं असतं.

रात्री नऊला उतरलो. संदीप न्यायला आला होता. त्याला पाहिलं आणि कळलं. तो माझ्या गळ्यात पडला, आणि — ऐका — त्यानं माझं सांत्वन केलं. "तुमचा काय दोष काका, तुमी तर निघाले होते." घरी वहिनी जमिनीवर बसल्या होत्या, पलंगाला टेकून. मला पाहून म्हणाल्या, "आले का भावजी. लई वाट पाहिली तुमची. त्या इमानाचं वाटोळं होवो." मी त्यांच्या पायाशी बसून रडलो. खरं रडलो. पण त्याच वेळी माझ्यातला एक माणूस बघत होता, की माझं रडणं बराबर दिसून राहिलं का.

दुसऱ्या दिवशी संदीप मला एकट्याला बाजूला घेऊन बसला. म्हणाला, एक विचारायचंय. दुपारपर्यंत बाबा बोलत होते. तुमचंच. नंतर बोलणं बंद झालं. मग संध्याकाळी, शेवटच्या अर्ध्या तासात, त्यांनी एक काहीतरी सुरू केलं. हे असं. आणि संदीपनं आपला उजवा हात डोक्यावर नेला, मूठ वळली, आणि मनगटाचा एक छोटा झटका दिला, खाली. थांबला. परत एक झटका. थांबला. परत एक.

"हे काय होतं काका? नर्सला वाटलं काही मागून राहिलेत. आमी पाणी दिलं, उशी उंच केली, खिडकी उघडली. तरी हात वरच. शेवटपर्यंत. काय पाहिजे होतं त्यांना?"

संदीप लहानपणापासून बाहेरगावी शिकला, बापाला दोरी ओढताना त्यानं कधी पाहिलं नाही. त्याला कळणार नाही. वहिनीही कधी दादाच्या गाडीत बसल्या नव्हत्या; घरात ते ओळखणारा एकटा मी होतो.

एक टोला. परत एक टोला. गाडी हलायला बघायची आणि तो धरून ठेवायचा. अर्धा तास.

मी संदीपकडे पाहिलं आणि म्हणालो, "काय माहीत रे."

तेवढं तरी देऊ शकलो असतो त्या पोराला. बापाला काय हवं होतं, हे त्याला समजलं असतं. पण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, आणि पुढचा प्रश्न मला नको होता. आता तर संदीप विचारतही नाही. माझं ते पहिलं विमान वेळेवर उतरलं होतं, हे फोनवर दोन मिनिटांत सापडतं म्हणतात. त्यानं पाहिलं असेल का? फोनवर तो माझ्याशी पूर्वीसारखाच बोलतो. हल्ली थोडं हळू बोलतो, असं मला वाटतं. मलाच वाटत असेल.

वहिनी परत आल्या. आता आमच्या गल्लीतच राहतात. बाजाराच्या दिवशी दुकानात येऊन बसतात, साड्यांच्या घड्या घालायला मदत करतात. मी ती गोष्ट त्यांच्यासमोर सांगणं बंद करावं ना? पहिल्या वर्षी केलं होतं. तर त्याच म्हणाल्या, सांगा की भावजी, तेवढंच हसू येतं. यांना लई आवडली असती.

काल बाजार होता. दुपारी रशीदभाईनं आरोळी ठोकली. चारदोन नव्या बायका होत्या, कळमनुरीकडच्या. मी स्टूल ओढलं, तक्के लावले, जांभळी साडी अंगावर घेतली. गोष्ट रंगली. वहिनी पदरात तोंड घालून हसत होत्या. हसताना त्यांचे खांदे हलतात — संसार करता करता त्याच्यासारखेच हलू लागलेत.

संपल्यावर डोळे पुसत त्या म्हणाल्या, "ते घंटीचं परत करा भावजी. एकडाव."

मी हात डोक्यावर नेला आणि करून दाखवलं.